ओळख पटेपर्यंत

रोज सकाळी क्लोरीनच्या पाण्याने हात धुतले की मासिका ते काखेत धरून उभी राही. पाणी गार असे, बेनी शहरातली सकाळही. हातांना ऊब आल्याशिवाय ती एकाही मुलाला उचलत नसे.

इबोलाच्या दवाखान्यातल्या तान्ह्या-लहानग्यांना मांडीवर घेणं, भरवणं, झोपवणं हे तिचं काम. हा रोग तिला होऊन गेला होता. ती वाचली, तिची मुलगी नाही. तिच्या अंगाला आता रोगाची पक्की ओळख होती. डॉक्टर डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळून येत तिथे ती साध्या झग्यात वावरे. कुंपणाबाहेर मात्र ती पाणवठ्यावर दिसली की बायका आपापले डबे उचलून बाजूला होत. नवऱ्याने तर दारच उघडलं नव्हतं. म्हणून ती कुंपणालगतच्या खोलीत राहायची. आत ती हवी होती, आणि फक्त आतच.

एक दिवस आणलेल्या मुलाला तिने कानामागच्या डागावरून ओळखलं. धाकट्या बहिणीचा, कातुंगूचा पालुकू. अंगावरचं दूध तोडायचं म्हणून कातुंगूने त्याला रीतीप्रमाणे सासूकडे ठेवलं होतं. सासू याच तापाने गेली, आणि मूल तिच्याच कुशीत झोपत होतं.

दुसऱ्या दिवशी कातुंगू कुंपणापलीकडे येऊन उभी राहिली. दंडाला पट्टी होती.

"ताई, मला आत घे. मी लस घेतलीय."

"कधी?"

"काल. बघ, अंगसुद्धा तापलंय. म्हणजे लागू पडली की."

मासिकाने तिला समजावलं. लशीत हा रोग नाही, त्याचा नुसता अंगरखा आहे, दुसऱ्याच एका गरीब विषाणूला चढवलेला. तुझं अंग आता तो अंगरखा नीट बघून घेतंय, त्याच्याशी लढणारे तयार करतंय. ताप आहे तो त्या धावपळीचा. शिकून व्हायला आठवडा तरी लागेल, कदाचित जास्तच. तोवर खरा रोग आत शिरला तर त्याला अडवायला कोणी तयार नसेल. नंतरही डॉक्टर तुला गुंडाळूनच आत नेतील.

"तू कुठे लस घेतली होतीस?" कातुंगू म्हणाली. "तू बरी उघड्या हातांनी फिरतेस."

"मी रोगाकडून शिकले. तुला तसं शिकायचंय?"

कातुंगूने कुंपणाच्या जाळीत बोटं अडकवली. मग हळूच म्हणाली, "तुझी गेली, म्हणून माझा धरून बसलीस."

मासिकाचे हात आपोआप काखेत गेले. तिच्या खोलीमागच्या फाटकाला नुसती कडी होती. ती काढायला एक बोट पुरलं असतं, आणि बहिणीचं तोंड कायमचं बंद झालं असतं. आत पालुकू रडत होता, कुणाच्या हातात ठरत नव्हता.

"तुझं लुगडं फेक इकडे," ती म्हणाली. "ज्यात त्याला पाठीशी बांधतेस ते."

आत आलेली वस्तू परत बाहेर जात नाही, जाळून टाकतात, हे कातुंगूला ठाऊक होतं. तिने झग्यावरून कमरेला गुंडाळलेलं पिवळं लुगडं सोडलं, बोळा केला आणि कुंपणावरून भिरकावलं. त्या दुपारी पालुकू आईच्या वासात, मासिकाच्या पाठीवर झोपला.

पालुकूचा ताप चढत गेला, मग अडखळत उतरला. कातुंगू रोज यायची, कुंपणाशी बसायची. ताईशी बोलायची नाही. शेवटी डॉक्टरांनी तिला झगा, मुखपट्टी, हातमोजे चढवून आत नेलं, तर पालुकूने त्या नुसत्या डोळ्यांकडे पाहिलं आणि मासिकाच्या मानेत तोंड खुपसलं. कातुंगू तिथेच जमिनीवर बसली. बऱ्याच वेळाने त्याने तिच्या हातमोज्याचं एक बोट धरलं.

घरी जायच्या दिवशी पिवळं लुगडं कधीच जाळून टाकलेलं होतं. कातुंगूने नव्या लुगड्यात मूल पाठीशी बांधलं. "ताई, तूही..." म्हणाली आणि थांबली. सासरच्यांनी मासिकाचं नाव काढायचं नाही म्हणून बजावलं होतं.

मासिकाने फाटकाची कडी आतून लावली.

"त्याला आंघोळीला कोमट पाणी लागतं," ती म्हणाली. "कढत ओतू नकोस."