कांबळेबाईंचा सायकल स्टँड

कांबळेबाईंची आणि माझी पहिली भेट झाली, तेव्हा त्या माझी सायकल चोरत होत्या. डोंबिवली स्टेशनच्या पश्चिमेला, भर संध्याकाळी, केळीवाल्याच्या गाडीशेजारून. कडक इस्त्रीची सुती साडी, खांद्याला पर्स आणि हातात माझ्या सायकलचं हँडल. मी धापा टाकत पुढे गेलो, तर वर्गात उशिरा येणाऱ्या पोराकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“ही तुमची? कुलूप बदला. हेअरपिनने उघडलं,” त्या म्हणाल्या. “आणि मगापासून ढकलतेय, पण एकाने हटकलं नाही. उलट एका गृहस्थांनी वाट करून दिली.”

मी त्यांचे आभार मानून घरी आलो. चहा पिताना लक्षात आलं, की ज्यांनी सायकल चोरली त्यांचेच आपण आभार मानलेत.

बाई ठाण्याला नौपाड्यातल्या एका शाळेत चित्रकला शिकवायच्या. मीही तिथल्याच एका दवाखान्यात कंपाउंडर होतो, म्हणून ओळख वाढली. त्या राहायच्या कोपरच्या बाजूला आणि तिथून स्टेशनपर्यंत सायकलने यायच्या. साडीतली बाई सायकलवर, हे तेव्हा लोक थांबून बघत. एवढे बघे असूनही त्यांच्या दोन सायकली चोरीला गेल्या. मुलांचे डबे, सासूबाईंचं पथ्यपाणी आटपून चालत जाऊन गाडी गाठणं शक्यच नव्हतं. तेव्हा त्यांनी भावाची जुनी सायकल मागून आणली आणि घरात सांगून टाकलं, की हीसुद्धा गेली तर नोकरी सोडून घरी बसेन. हे त्या हसत सांगायच्या, पण सांगताना साडीचा पदर उगाच घट्ट खोचायच्या.

स्टेशनजवळ जमिनीचा एक सरकारी तुकडा मोकळा पडला होता. तिथे सायकल स्टँड व्हावा म्हणून बाईंनी अर्ज केला. कचेरीतल्या साहेबांचं म्हणणं, लोकांची तशी मागणी दिसत नाही. मग मागणी दिसावी म्हणून बाईंनी लोकांच्या सायकली उचलायला सुरुवात केली. उचलायची, मालक येईपर्यंत थांबायचं, सायकल परत द्यायची आणि अर्जावर सही घ्यायची. नुकतीच सायकल गेलेली आणि परत मिळालेली असली, की माणूस न वाचता सही करतो.

“सायकल उभी करणं वेगळं आणि ठेवणं वेगळं,” हे त्यांचं लाडकं वाक्य. उभी काय, भिंतीलाही करता येते. ठेवायची तर वर छप्पर हवं, साखळी चाकाला नको, सांगाड्याला हवी, आत जायची वाट वेगळी, बाहेर पडायची वेगळी आणि बाहेरच्या वाटेवर डोळे उघडे ठेवून बसलेलं माणूस हवं. “आणि तिकीटखिडकीपासून लांब नको,” त्या बजावायच्या. “आपला डोंबिवलीकर गाडी दिसली की सायकल झाडावरसुद्धा टाकेल.”

अखेर साहेब म्हणाले, रविवारी जागेवर येतो, प्रत्यक्ष दाखवा. पटलं नाही, तर तिथे टपऱ्या काढायचं ठरतच आलंय. रेघा आखायला बाईंनी फक्की शोधली, ती मिळेना, म्हणून घरातली रांगोळी आणली. मी टेपचं एक टोक धरलं आणि पहाटेपासून त्यांनी अख्खा स्टँड खऱ्या मापात जमिनीवर काढला. आम्ही चहाला गेलो तेवढ्यात शेजारच्या मासळीवाल्या म्हात्रेमावशींना ते नुसते पांढरे पट्टे बघवले नाहीत. त्यांनी कोपऱ्याकोपऱ्यात कमळं भरली आणि बाहेरच्या वाटेवर चांगला पिसारा फुलवलेला मोर काढला.

मग साहेब आले, अर्जावर सह्या केलेले लोक सायकली घेऊन आले आणि गंमत झाली. रांगोळीवर कोणी पाय देईना. जो तो सायकल खांद्यावर घेऊन रेघेवरून उडी मारायला लागला. दूधवाल्याने कॅन उतरवून एकेक आत नेला. साहेबांनी तर चपलाच काढल्या. बघता बघता सायकली अशा सरळ रांगेत लागल्या, की कुणाचं चाक रेघेला शिवलं नाही. साहेब हरखून गेले. म्हणाले, इतकी शिस्त मी जन्मात पाहिली नाही, मंजूर समजा.

मी टाळ्या वाजवणार, तोच बाई पुढे झाल्या.

“साहेब, ही शिस्त रांगोळीची आहे, माझ्या नकाशाची नाही. पुन्हा बघा.”

असं म्हणून त्यांनी मोरावरून सरळ चप्पल फिरवली. मला तर रडूच आलं. हाती आलेला स्टँड ही बाई पायाने पुसत होती.

“अगो बाय, मोराची मान मोरलीस गो,” मावशी कळवळल्या.

आता भीड चेपली आणि सगळे एकदम घुसले. दूधवाल्याचे कॅन वाटेत अडकले, त्याने हिसका दिला, एक सायकल कलंडली आणि तिच्यामागे अख्खी रांग आडवी झाली. धूळ बसली तेव्हा साहेब दुधाच्या कॅनला मिठी मारून उभे होते. पहिल्यांदा बाईच हसल्या, मग साहेब, मग कुणालाच थांबता येईना. डोळे पुसत बाई म्हणाल्या, की मी मापात सायकली धरल्या, त्यांच्यावरची ओझी धरलीच नाहीत. त्यांनी एक रांग कमी केली, वाट रुंद केली आणि पुन्हा सगळ्यांना पिटाळलं. या वेळी दूधवाला गेला, पाटी घेऊन मावशी गेल्या आणि मागोमाग कौतुकाने साहेबही गेले.

“मघाशी मंजूर केलं असतं, तर रोज मला शिव्या बसल्या असत्या,” ते पँट झटकत म्हणाले. स्टँड मंजूर झाला.

तो सुरू झाला त्या दिवशी संध्याकाळी मी सायकल घ्यायला गेलो, तर बाईंची सायकल अजून तिथेच. त्या तर ठाण्याहून आधीच्या गाडीने आलेल्या. तसाच त्यांच्या घरी गेलो, तर बाई निवांत मेथी निवडत बसलेल्या.

“बाई, सायकल?”

त्या कपाळावर हात मारून हसत सुटल्या. त्या चालत घरी आल्या होत्या.

“अहो, आज वर्गात नाही, गाडीत नाही, दिवसभर तिची एकदाही आठवण झाली नाही हो मला.”

मी म्हटलं, आत्ता आणून देतो. त्यांनी मान हलवली. राहू दे तिथेच, म्हणाल्या, आज किती वर्षांनी मी स्वस्थ झोपणार आहे.

आणि इतक्या स्वस्थ झोपल्या, की दुसऱ्या दिवशी त्यांची गाडी चुकली.