जॉनच्या दगडाला शेंदूर

उमेळ्याच्या भालचंद्रकाकांना कोणी पुजारी म्हटलं की राग येतो. मी सुनंदा, त्यांच्या वाडीसमोरच्या बिल्डिंगमध्ये राहते, त्यामुळे तो राग मला तोंडपाठ आहे.

वाडीच्या कोपऱ्यात एक काळा दगड आहे. काकांचा जिवलग मित्र जॉन एकाहत्तरच्या लढाईत गेला. त्याची माती घरी आली नाही, म्हणून दोन्ही घरांनी मिळून त्याचं नाव कोरलेला हा दगड बसवला. रोज सकाळी काका चपला काढून तो धुतात, वर चार फुलं ठेवतात. अर्धी वाडी बिल्डरला दिली, पण हा कोपरा नाही. "जॉन कुठे जाणार?" एवढंच म्हणाले. नारळाच्या काथ्याने घासून घासून नाव इतकं झिजलंय की डोळ्यांना दिसत नाही, बोटांना लागतं. जॉनची बहीण रिटामावशी, तिला तेवढं पुरतं. तिची नजर गेलीय. दोन नोव्हेंबरला ख्रिस्ती घरांतून मृतांची आठवण करतात, त्या दिवशी ती नंदाखालहून येते, भावाचं नाव बोटाने वाचते आणि मेणबत्ती लावते.

आता आमचे सेक्रेटरी चंद्रहास. रोजचं पाणी, फुलं बघून या गृहस्थांनी ठरवलं, हा जागृत देव. टँकर बंद होऊन नळाला पाणी येऊ दे म्हणून नवस बोलले आणि मेलं पाणी आलं की हो. मग काय, नेमके दोन तारखेला पहाटे जाऊन तेलात कालवलेला शेंदूर थापून आले. वर ग्रुपवर फोटो.

फोटो बघून मी कपाळावर हात मारला. खाली धावले, तर काका दगडावर बोट फिरवत होते. नाव लागत नव्हतं.

"रिटा निघालीसुद्धा," ते म्हणाले. "ती काय वाचणार आता?"

मी चंद्रहासना खाली बोलावून चांगलं फैलावर घेतलं. त्यांचं तोंड एवढंसं झालं. काकांनीच मला आवरलं. "असू दे गं. करायला गेले गणपती, झाला मारुती."

मग खोबरेल आलं, काथ्या आला, अक्षरांच्या खाचांतला शेंदूर काढायला झावळीचे हीर आले. चंद्रहास पायजमा खोचून बसले, शेजारी मी. घासता घासता काका हसायला लागले. शिमग्याला जॉन त्यांच्या अंगणात रंग खेळायचा आणि त्याची आई त्याला विहिरीवर नेऊन असंच घासायची, ओरडत ओरडत.

तेवढ्यात रिक्षा थांबली. मावशी खाली बसली, दगडावर बोट टेकलं. आमचा जीव टांगणीला. बोट थांबत थांबत पुढे सरकलं आणि ती हळूच म्हणाली, "जॉन." मला रडूच आलं.

"भालू, खोबरेलाचा वास कसला रे?"

चंद्रहासनी सगळं सांगून टाकलं, माफी मागितली. मावशीने बोट पुढे केलं. "रंग लागलाय?"

लागला होता. एका खाचेत थोडा राहिलाच होता. काका लगबगीने हीर घेऊन वाकले, तर तिने त्यांचा हात धरला. हसत होती.

"राहू दे तेवढा अंगावर. आता ओरडायला आई नाही."