पाकिटाची मागची बाजू

पन्नाशी ओलांडली त्या वर्षी बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या कारखान्यात सगळ्यांचं रक्त तपासलं आणि माझी साखर वाढलेली निघाली. मला ते पटेना. मी बिनसाखरेचा चहा पिणारा माणूस. गोडधोड सणावारीच. आमचं जैनाचं घर, दिवस मावळायच्या आत जेवण. डॉक्टरबाईंना हे सगळं मी जरा तोऱ्यातच सांगितलं.

त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "आठवडाभर पाकिटातलं जे काही खाल-प्याल, त्याची रिकामी पाकिटं जपून ठेवा. पुढच्या वेळी घेऊन या."

मी ठेवली. भट्टीजवळ अंगाचं पाणी होतं, म्हणून अकरा वाजता संत्र्याच्या चवीची पावडर पाण्यात कालवून पीत होतो. चारला नाचणीची बिस्किटं. डब्यातल्या चपातीला टोमॅटो सॉस. सकाळी दुधात ताकदीची पावडर. शनिवारपर्यंत पिशवी भरली. एवढं सगळं आपल्या पोटात जातं हे बघून मलाच ओशाळल्यासारखं झालं.

रविवारी ती पिशवी घेऊन निपाणीजवळ कोगनोळीला आक्काकडं गेलो. आक्का माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. भावजी गेल्यापासून किराणा दुकान तीच बघते. शिक्षण कन्नड शाळेत सातवीपर्यंत, पण पाकिटावरचं इंग्रजी ती अक्षर लावून वाचते. आमच्यात कांदा, लसूण, बटाटा वर्ज्य, त्यामुळं नवीन माल आला की आधी उलटा करून हे तीन शब्द शोधायचे, ही तिची जुनी सवय. ती 'चालतंय' म्हणाली की गल्लीतल्या बायका डोळे झाकून घेतात.

मी पिशवी काउंटरवर ओतली. तिनं चष्मा लावला.

"कांदा न्हाय, लसूण न्हाय. चालतंय की रं सगळं."

"आक्का, साखर बघ."

साखर तिनं आजवर कधी शोधलीच नव्हती. बिस्किटाच्या पाकिटावर बोट ठेवत ती एकेक शब्द वाचायला लागली. मैदा, तेल, साखर. त्याखाली इन्व्हर्ट सिरप, मग लिक्विड ग्लुकोज. ते काय असतं ते मी मोबाइलवर शोधून सांगत होतो. नाचणी पार शेवटी सापडली.

"म्हंजे ही दोन बी साखरच?"

"व्हय."

"मग एकदाच लिवायचं की. तीन नावं कशाला?"

सॉसवर टोमॅटोच्या पाठोपाठ साखर होती. दुधातल्या पावडरीच्या पाकिटावरही आक्काला साखर सापडली. ते पाकीट हातात धरूनच ती हळूच म्हणाली, "माझं बी सकाळ-संध्याकाळ दोन-दोन चमचे असतंय. अशक्तपणा वाटतोय म्हणून. दोन वर्सं झाली."

पुढच्या खेपेला मी तिला बेळगावला सोबत नेलं. तिची साखर माझ्यापेक्षा बरीच जास्त निघाली. आक्काचा चेहरा उतरला. डॉक्टरबाईंनी पाकिटं समोर मांडली आणि तिच्याशी कन्नडमध्येच बोलल्या. ज्याचं वजन जास्त त्याचं नाव आधी लिहायचं असतं, पण साखर तीन नावांत वाटली की प्रत्येक नाव खाली सरकतं. "तुम्हाला मागची बाजू वाचायची सवय आहेच," त्या म्हणाल्या. "त्यात आणखी चार शब्दांची भर घाला." हे काम आपल्याला जमण्यातलं आहे, हे कळल्यावर आक्का जरा सावरून बसली. शुगर, सिरप, ग्लुकोज, माल्टोडेक्स्ट्रिन हे चार शब्द तिनं गोळ्यांच्या चिठ्ठीवरच लिहून घेतले.

इकडं मी कारखान्याच्या कँटीनमध्ये पावडरीच्या पाण्याऐवजी मीठ घातलेलं ताक सुरू करायला लावलं. पोरं दोन दिवस कुरकुरली, तिसऱ्या दिवशी ताक पुरेना.

आक्काच्या दुकानात बिस्किटं आजही आहेत. पण लेकरासाठी पावडर न्यायला कुणी बाई आली की ती पाकीट उलटं करून दाखवते. माल घालणारा एजंट एकदा माझ्यादेखत म्हणाला, "आक्का, तुम्हीच असं सांगायला लागला तर माल खपायचा कसा?"

"इकायचं बंद केलंय का मी?" ती शांतपणे म्हणाली. "नेणाऱ्याला काय नेतोय ते कळूदे की."

मागच्या महिन्यात आम्ही दोघं पुन्हा तपासणीला गेलो. माझी साखर जागेवर आली होती. तिची पुष्कळ उतरली होती, गोळी मात्र चालूच ठेवायला सांगितली. त्याचं तिला काही वाटलं नाही. रिक्षा नको म्हणाली, म्हणून बसस्टँडपर्यंत चालतच गेलो. वाटेत तिनं पेरूवाल्या बाईशी कन्नडमध्ये मनसोक्त गप्पा मारल्या, एकेक पेरू दाबून बघत दोन किलो घेतले आणि निम्मे माझ्या पिशवीत घातले. निपाणीच्या गाडीला गर्दी नव्हती. तिला खिडकीची जागा मिळाली.