मामाने पाहिलेली डॉक्टरांची स्थळं

चहा नंतर प्या, आधी हे ऐका, मला आत्ताच्या आत्ता सांगायचंय! माझ्या मामाएवढा चौकशीखोर माणूस अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात सापडणार नाही. वरवट बकालला त्याची वांग्या-मिरच्यांची शेती आहे, पण गावाला तो लागतो सोयरीक ठरवायच्या आधी. मुलाकडचे सांगतील ते सगळं मान डोलावून ऐकतो आणि मग गुपचूप त्यांच्या गावच्या पानठेल्यावर जाऊन बसतो. एकदा तर नवरदेव आईशी कसा बोलतो हे बघायला त्यांच्याच अंगणात पाणी मागत गेला, तेही पुन्हा पुन्हा.

तर अशा माणसाचं पोट दुखायला लागलं. तालुक्याचे डॉक्टर म्हणाले, अकोल्याला पोटविकारतज्ज्ञाला दाखवा. मामाने मोबाइल माझ्या हातात दिला. "पाह्य बे भाच्या, कोण कोण हाये." सरकारी वेबसाइटवर डॉक्टरची नोंदणी, डिग्री, साल, सगळं दिसतं हे कळल्यावर गडी असला खुलला की काय सांगू, घरबसल्या स्थळंच की ही! एम.डी.नंतर डी.एम. केलं की तो पोटाचा खास डॉक्टर, हे त्याने दुपारी पाठ केलं आणि संध्याकाळी पानठेल्यावर शिकवूनही आला. मग रिव्ह्यू. एकाला सगळ्यांनीच पाच स्टार दिलेले. मामा म्हणे, कोणीच नाव ठेवत नाही म्हणजे सोयऱ्यायनंच लिहिलं असन. दुसऱ्याला एकच स्टार, कारण गाडी लावायला जागा नव्हती. "गाडीचा राग डॉक्टरवर काऊन?"

इथपर्यंत शहाणपणच होतं, खरं सांगतो. पण पुढे एकाने भरपूर दुर्बिणीच्या तपासण्या केल्यात असं दिसलं, तर तो बाद, येईल त्याच्या तोंडात नळी घालत असेल म्हणून. दुसऱ्याच्या कमी दिसल्या, तर तोही बाद, त्याच्याकडे कोणी जातच नसेल म्हणून. स्थळं संपेनात, पोटदुखी थांबेना. मामी त्याची भाकर वरणात कुस्करून द्यायची.

शेवटी तिनेच मला अपॉइंटमेंट घ्यायला लावली आणि त्याला गाडीत बसवलं. अकोल्याच्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, कधीपासून दुखतंय? त्या डॉक्टरांचं नोंदणीचं साल तोंडपाठ असलेला मामा मामीकडे बघायला लागला.

मामी म्हणाली, "यायनं भरीत सोडलं तवापासून, सायेब. मंग भाकर कोरडी जाईना. आता तर मी झोपली असं समजून उठून बसतात."

डॉक्टरांनी ते सगळं लिहून घेतलं. नळी घातली, अल्सर निघाला. औषधाने बरा होईल म्हणाले. परतताना मी विचारलं, मामा, एवढं काय शोधत होता तू?

तो हळूच म्हणाला, "शोधून राह्यलो होतो तवापर्यंत मले काहीच झालं नव्हतं बे."

मामीने डब्यातली मऊ खिचडी पुढे केली. त्याने मुकाट्याने खाल्ली, तिच्यात काय काय घातलंय याची चौकशी न करता.

तुमच्याकडे झालंय का असं? घाबरलेलं माणूस जगभराची माहिती काढत बसतं, आणि त्याच्या ताटाकडे दुसरंच कोणीतरी बघत असतं?