घागरीचं अर्धं तिकीट

दाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी लातूरच्या घरी दाढी करत होतो. "गेले रे…" एवढंच अक्का म्हणाली. मला रडू आलं नाही. नांदेडच्या शोकसभेत मात्र बोलणाऱ्यांनी रुमाल काढले. मराठवाड्याच्या वाहतुकीचा द्रष्टा, म्हणे! हसू आवरेना, म्हणून मी बाहेर जाऊन चहा प्यालो.

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा दाजी तिथल्या एसटीच्या कचेरीत नवे साहेब होते. कडक इस्त्री, खिशाला दोन पेनं आणि तोंडी सदा आकडेवारी. कुठून किती माणसं जातात ते तिकिटांवरून काढायचं आणि रेल्वेशी बसची सांगड घालायची, ही त्यांची योजना. कल्पना चांगलीच होती. फक्त त्या बसमध्ये एकदा बसून बघायला साहेबांना सवड नव्हती.

त्या साली दुष्काळ. आमच्या गावातल्या विहिरी आटलेल्या. सकाळच्या बसनं बायका रिकाम्या घागरी घेऊन स्टेशनावर जायच्या. तिथं इंजिनासाठी भरलेल्या टाकीचं पाणी मिळायचं. गाडीनं आलेले लोक घेऊन बस परत निघाली की भरल्या घागरींसकट त्याही यायच्या. कंडक्टर घागरीला अर्धं तिकीट फाडायचा. दाजींनी कचेरीत बसून ही अर्धी तिकिटं मोजली आणि शोध लावला की या मार्गावर शाळकरी पोरं भरमसाठ वाढली आहेत! झालं. बस शाळेच्या वेळेला लागली, तीही स्टेशन सोडून तालुक्याच्या हायस्कूलकडं. वरून शाबासकी मिळाली, ते वेगळंच.

त्याच उन्हाळ्यात ते सासुरवाडीला आले. जावई दारात आला की पाय धुवायला पाणी द्यायची आमच्याकडं रीत. आईनं फुलपात्रभर पाणी पुढं केलं. "पिऊन घ्या. पायाला न्हाई." मग शांतपणे विचारलं, "जावईबापू, माझी घागर कोणच्या शाळंत जाती वो?"

"मामी, आकडे तसं सांगतात," दाजी म्हणाले, आणि पाणी प्याले.

बस त्यांनी परत स्टेशनाकडं वळवली नाही. वळवली असती तर साहेबांचं चुकलं हे कागदावर आलं असतं ना… आई पाऊस लागेपर्यंत स्टेशनावर चालत गेली, डोक्यावर घागर घेऊन चालत आली. तिचे गुडघे गेले ते तेव्हाच. हे मी दाजींना कधी माफ केलं नाही, आज ते नाहीत म्हणून करणारही नाही.

पुढं नांदेडला निवृत्तीनंतरही ते सल्लागार होतेच. सिटी बस, रिक्षा, रेल्वे, सगळं एका पडद्यावर! ठिपके पळायचे, दाजी काठीनं दाखवायचे. अशा बैठकीला ते स्वतःच्या मोटारीनं जायचे.

आईची तांब्याची घागर अक्कानं आठवण म्हणून नेली होती. दाजींनी ती दाराशी ठेवून तिच्यात छत्र्या उभ्या केल्या. परवा गेलो तेव्हा अक्कानं छत्र्या काढून घागर माझ्या हातात दिली. "ने बाबा. ते होते तवर मला देता आली न्हाई."

लातूरच्या बसमध्ये बसलो. कंडक्टर म्हणाला, "काका, हिचं बी तिकीट लागतंय." मशीनवर त्यानं बराच वेळ बोट फिरवलं. घागरीचं बटण काही सापडेना. शेवटी वैतागून त्यानं अर्धं तिकीट काढून दिलं. मी चष्मा लावून वाचलं… मूल, एक.

घागर मांडीवर घेऊन लोहा येईपर्यंत मी एकटाच हसत होतो. मग आईचे गुडघे आठवले.