बडा मंगल आणि अडकलेली मेल

माझी श्रद्धा तशी बेताचीच. घरी पूजा बायको करते. मी आरतीला घंटा वाजवतो, तीही मोबाइल बघत. आम्ही मूळचे नागपूरचे. लखनौच्या एका सरकारी कचेरीत संगणक विभाग माझ्याकडे आहे, त्यामुळे काही बंद पडलं की लोक देवाआधी मला हाक मारतात. त्याचा थोडा गर्वही होता.

त्या मंगळवारी सकाळीच वीज गेली आणि पाठोपाठ बॅटऱ्यांनीही मान टाकली. वीज परतली, यंत्रं सुरू झाली, पण एकही मेल बाहेर जाईना. आमच्या नेटवर्कच्या दाराशी फायरवॉल नावाचं पहारेकरी यंत्र आहे. तेच सगळ्या मेल अडवून बसलं होतं. एरवी मी निवांत चहा मागवला असता. पण सहकारी शुक्लाजींच्या पत्नीचं हृदयाचं ऑपरेशन होतं, आणि कचेरीच्या मंजुरीची मेल आल्याशिवाय रुग्णालय त्यांना भरती करून घेईना. "लेटर की फोटो से काम नहीं चलेगा, ऑफिशियल मेल चाहिए," तिथल्या बाई फोनवर सांगत होत्या. शुक्लाजी माझ्या खुर्चीमागे उभे होते. सारखे भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते.

मी सगळे नियम तपासले, तारा काढून पुन्हा लावल्या, यंत्र बंद करून चालू केलं. दर खेपेला मंजुरीची मेल पुन्हा पाठवून बघत होतो. बायकोचा फोन आला. "अहो, आज बडा मंगल. मारुतीला हात जोडा आणि दोन घास खाऊन घ्या." मी चिडून फोन ठेवला. पण शुक्लाजीच म्हणाले, "चलिए सर, प्रसाद ले लेते हैं। अब जो करेंगे, बजरंगबली करेंगे।"

जेठातल्या, म्हणजे ज्येष्ठ महिन्यातल्या मंगळवारी इथे रस्तोरस्ती मारुतीचे भंडारे असतात. आमच्या फाटकाबाहेरही पुरी-सब्जीची रांग लागली होती. रांगेत उभं राहून मी पहिल्यांदाच मनापासून म्हटलं, बाबा रे, माझी अक्कल संपली, आता तूच बघ. तेवढ्यात पुढचे आजोबा वळून म्हणाले, "भैया, आज तारीख क्या है?"

मी तारीख सांगितली आणि रांग सोडून पळत सुटलो. वीज गेल्यावर फायरवॉलचं घड्याळ कित्येक वर्षं मागे गेलं होतं! त्याच्या लेखी ते चालवायचा आमचा परवाना अजून जन्मालाच आला नव्हता. बिचारं इमानेइतबारे सगळ्यांना अडवत होतं. तारीख दुरुस्त केली, तशा खोळंबलेल्या मेल भराभर सुटल्या. थोड्याच वेळात रुग्णालयातल्या बाईंचा फोन. "सर, मेल मिल गई, भर्ती कर लिया। अब भेजना बंद कीजिए, आती ही जा रही है!" शुक्लाजी हसता हसता रडायला लागले.

आजोबांना शोधायला गेलो, तर ते निघून गेले होते. ते कोण, याबद्दल बायकोचं मत ठाम आहे. मी वाद घालत नाही.

शुक्लावहिनी बऱ्या होऊन घरी आल्यावर मी एकटाच मंदिरात गेलो. मूर्तीसमोर हात जोडले, पण मागायचं काही सुचेना. नुसतेच डोळे भरून आले. मागून कुणीतरी म्हणालं, "भाईसाहब, दर्शन हो गया, आगे बढ़िए।"

मी निमूट पुढे सरकलो.