हवेचं भाडं

पॅकिंगच्या चिकटपट्टीचा वास आला की मला नागपूरच्या आमच्या गच्चीवरची ती दुपार आठवते. सासूबाई कापसाच्या रजया शिवायच्या आणि मी त्या ऑनलाइन विकायची. दाबलेली रजई पाहून गिऱ्हाईक कापूस कमी भरला म्हणेल, म्हणून त्या ती फुगलेलीच मोठ्या खोक्यात ठेवायला लावत. विक्री होई, पण ज्या साइटवर विकायची त्या कंपनीनं कमिशन आणि पोचवणीचे पैसे कापले की हाती काही उरत नसे. कमिशन समजत होतं. एवढ्या हलक्या रजईच्या पोचवणीला इतका पैसा का, ते कळेना. शेवटी ऑनलाइन दुकान बंदच करायचं ठरवलं, पण त्याआधी मी साइटचे नियम पुन्हा वाचले आणि उडालेच. खोकं मोठं असलं की काट्यावरचं वजन ते धरतच नव्हते. लांबी, रुंदी, उंचीवरून वजन ठरवत होते. म्हणजे आम्ही हवेचं भाडं भरत होतो! "आई, रजई दाबा लागते," मी म्हटलं. "अन् माह्यं नाव खराब झालं तं?" त्या कडाडल्या. "उन्हात टाकली की पुन्हा फुगते, तुम्हीच सांगता ना?"  मग त्या पदर खोचून, पापण्यांवरचा कापूस पुसत, थेट रजईवर जाऊन बसल्या. "बांध वं लवकर!" मी करकचून दोरी आवळली. लहान खोकं गेलं आणि कपात निम्म्याहून खाली आली. वर गिऱ्हाईकानं लिहिलं, "ऊन दाखवताच केवढी फुगली! भरपूर कापूस आहे." मी ते मोठ्यानं वाचलं, तर सासूबाई ओरडल्या, "सांग त्याले, मी बसली होती तिच्यावर!" आज आमच्याकडे रजई दाबायचं मशीन आहे. तरी रोजच्या पहिल्या रजईवर सासूबाईच बसतात.